हिरो हिरोला भिडला की निकाल का लागत नाही?

काटाजोड_शहापूर

कॉमिक्समध्ये दोन हिरो समोरासमोर आले की पुढचं सगळं आधीच कळतं. काहीतरी गैरसमज होतो, दोघं भिडतात, दोन-चार बिल्डिंगा पडतात, मग अर्ध्यात कळतं की खरा व्हिलन तिसराच आहे आणि दोघं मिळून त्याला बडवतात. मुखपृष्ठावर मात्र एकमेकांच्या अंगावर धावून जातानाचं एवढं मोठं चित्र. १९७६ चं सुपरमॅन विरुद्ध स्पायडरमॅन घ्या, डीसी आणि मार्व्हल या दोन वैरी कंपन्यांनी मिळून काढलेलं, मोठ्या आकाराचं, दोन डॉलर किंमत. त्यात सुपरमॅनचा वैरी लूथर गुपचूप स्पायडरमॅनवर लाल सूर्याचे किरण सोडतो म्हणून त्याचा ठोसा सुपरमॅनला लागतो, नाहीतर कुठला लागायला, आणि किरणांचा जोर उतरल्यावर स्पायडरमॅनचाच हात ठणकायला लागतो. मग दोस्ती. कोण भारी याचं उत्तर द्यायचंच नव्हतं, लोकांना नुसता प्रश्न विकला.

माझं मत सरळ आहे, जोड लावली तर निकाल लावा. बेळगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, मैदानात पैलवान नुसते हात धरून फिरायला लागले की पब्लिक 'नूरा, नूरा', म्हणजे ठरवून केलेली कुस्ती, म्हणून उठतंय. तर तुम्हाला काय वाटतं? निकाल हवा का नको, आणि तुम्हाला खरी वाटलेली लढत कुठली? नुसतं नाव टाकू नका, का ते पण लिहा.

खानापूरचा_गवा

हल्क. समोर कोण पण असू दे.

निपाणीचा_डूम

गव्या, हल्क १९९६ साली सुपरमॅनकडून हरलाय. सविस्तर रात्री लिहितो, आता दुकानात गर्दी आहे.

खानापूरचा_गवा

काय बोलालास गा! कुणी ठरवलं हे?

निपाणीचा_डूम

वाचकांनी. मतदान घेऊन.

आखाड्यातला_मामा

शहापूरकर, तुमचं अर्धं पटलं. नूरा कुस्तीत दोघांचं आधीच ठरलेलं असतं, घाम पण खोटा. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीत दोघं जीव तोडून लढलेले असतात आणि कोण पडलेलं नसतं, एवढंच. ह्या दोन्हीला एका दावणीला बांधू नका. १९१० साली लंडनला आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को अडीच तासांच्या वर लढले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. मग १९२८ ला पतियाळ्यात परत जोड लागली, तिथं गामानं एका मिनिटाच्या आत त्याला आस्मान दाखवलं. पहिली बरोबरीत सुटली नसती तर दुसरीला एवढी किंमत आली असती का ओ?

कॉमिक्स मी नातवामुळं वाचायला लागलो. त्यात थॉर आणि हल्कची एक जोड आहे, १९७३ मधल्या अव्हेंजर्स आणि डिफेंडर्स ह्या हिरोंच्या दोन टोळ्यांच्या भांडणातली. दोघं एकमेकांचे हात पकडून जोर लावत उभे, तासाच्या वर, जागचं कोण हलेना. नातू म्हणाला, आजोबा हे बोअर आहे. मी त्याला म्हटलं, मान बघ, दंड बघ, पायाची ठेवण बघ. ज्यानं काढलंय त्याला पैलवान कळलाय.

जुना_अंक

मामा, तो चित्रकार म्हणजे सॅल ब्युसेमा. डिफेंडर्सचा १० नंबरचा अंक. लेखक स्टीव्ह एंगलहार्ट.

बाकी मूळ मुद्द्याबद्दल. हे हिरो-हिरोचं भांडण लय जुनं आहे. १९४० साली, मार्व्हल कंपनीचं नाव अजून टाइमली होतं तेव्हा, मार्व्हल मिस्टरी कॉमिक्सच्या ८ आणि ९ नंबरच्या अंकांत ह्यूमन टॉर्च आणि नेमोर भिडले. टॉर्च कार्ल बर्गोसनं काढलेला, नेमोर बिल एव्हरेटनं. एक आग आणि एक पाणी, आता ह्यात जिंकणार कोण? शेवटी बेटी डीन नावाच्या पोलीस बाईनं मध्ये पडून मिटवलं. शहापूरकर म्हणतील बघा, तेव्हापासून हेच चालू आहे. पण त्या भांडणानं एक मोठं काम केलं. एकाच्या गोष्टीतला माणूस दुसऱ्याच्या गोष्टीत जाऊ शकतो, दोघं एकाच शहरात राहतात, हे तिथं पक्कं झालं. पुढचं सगळं मार्व्हल विश्व त्यावर उभं आहे. भांडण झालंच नसतं तर ओळख कशी झाली असती?

१९६३ ला स्पायडरमॅनच्या स्वतःच्या मासिकाचा पहिला अंक आला, त्यातही तो फॅन्टास्टिक फोरच्या घरात घुसून चौघांशी मारामारी करतो. कशासाठी, तर त्यांनी आपल्याला कामावर घ्यावं म्हणून. घरात पैशाची चणचण असते त्याच्या. ते म्हणतात इथं पगार नसतो, की हा निघाला. कॉलेज सुटल्यावर नोकरीसाठी वणवण केलेल्या पोराला ती मारामारी कळेल, त्यात कोण जिंकलं ह्याला महत्त्वच नाही.

टिळकवाडीची_ताई

जुना_अंक, हे माहीतच नव्हतं. आज घरी मुलाला सांगते.

गोकाकचा_अण्णा

नमस्कार री सगळ्यांना. आमच्या लहानपणी मार्व्हल-डीसी कुठलं आलंय, आमचं सगळं इंद्रजाल कॉमिक्स. ते कन्नडमध्ये पण यायचं आणि मराठीत पण. मी कन्नड घ्यायचो, शेजारचा दोस्त मराठी वेताळ घ्यायचा, दोघं अदलाबदल करून वाचायचो, त्यातूनच मराठी वाचायला आलं बघा मला. वेताळ आणि मँड्रेक ह्यांची कधी जोड लागली नाही. दोघांना जन्म देणारा लेखक एकच, ली फॉक. १९७७ ला वेताळाचं लग्न झालं तेव्हा मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार पाहुणे म्हणून आले होते. पाहुण्याबरोबर कोण मारामारी करतंय री?

खानापूरचा_गवा

अण्णा, आमच्याकडं तर लग्नातच होते मारामारी. 😄

चावडी_संपादक

लग्नातल्या मारामाऱ्यांसाठी वेगळा धागा आहे, तिथं जा. इथं कॉमिक्स.

कॅम्पातला_कमांडो

इथं राज कॉमिक्सचं नाव कोण घेईना म्हणून मीच घेतो. आम्ही कॅम्पात वाढलो, आजूबाजूला मराठा लाइट इन्फंट्रीच्या लोकांची घरं, त्यांची पोरं सुट्टीला उत्तरेकडं जाऊन आली की पिशवी भरून नागराज, ध्रुव, डोगा घेऊन यायची. हिंदी आम्ही शाळेत शिकलोच नाही म्हटलं तरी चालेल, सगळी ह्यातून.

मला विचाराल तर ध्रुव आणि डोगा ही जोड कुठल्याही अमेरिकन जोडीला भारी आहे. का ते सांगतो. ध्रुवकडं कसलीच दैवी शक्ती नाही, सर्कशीत वाढलेलं पोरगं, डोकं आणि शरीर एवढंच, आणि त्याचा नियम, जीव कुणाचा घ्यायचा नाही. डोगा मुंबईचा. कचऱ्यात सापडलेलं बाळ, डाकूनं वाढवलेलं, तोंडावर कुत्र्याचा मुखवटा आणि हातात बंदूक. तो गुन्हेगाराला पोलिसांच्या ताब्यात देत बसत नाही, उडवतो. आता हे दोघं एका गल्लीत आले तर गैरसमजाची गरजच काय? दोघं एकमेकाला नीट ओळखून, समजून उमजून भांडणार. त्या वयात मी डोगाच्या बाजूनं होतो, मारून टाक म्हणायचो. आता घरात पोरं आहेत, आता ध्रुव पटतो. हा फरक ताकद मोजून कळत नाही, अजिबात नाही.

निपाणीचा_डूम

आलो. गव्यासाठी खास.

१९९६ मध्ये मार्व्हल आणि डीसीनं मिळून चार अंकांची मालिका काढली. एकूण ११ लढती. त्यातल्या ६ लेखकांनी ठरवल्या आणि ५ वाचकांच्या मतांवर सोडल्या. मतांचा निकाल असा लागला, सुपरमॅननं हल्कला हरवलं, स्पायडरमॅननं सुपरबॉयला, बॅटमॅननं कॅप्टन अमेरिकाला, वुल्व्हरिननं लोबोला आणि स्टॉर्मनं वंडर वुमनला. म्हणजे मार्व्हल ३, डीसी २.

आता शहापूरकर, तुम्हाला पाहिजे होता तो निकाल लागला की नाही? स्वच्छ, एक जिंकला एक हरला. आता वुल्व्हरिन-लोबोची लढत काढून बघा. बारमध्ये दोघं भिडतात, काउंटरच्या मागं जाऊन पडतात, आपल्याला काही दिसत नाही, आणि वुल्व्हरिन उठून येतो. झाली कुस्ती. लोबो म्हणजे सुपरमॅनला घाम फोडणारा प्राणी, वुल्व्हरिननं त्याला कसं पाडलं हे लेखकाला दाखवताच येईना म्हणून काउंटर आडवा घातला. मतं मिळाली, कारण मिळालं नाही. असल्या निकालाचं काय लोणचं घालायचंय? मार्व्हलचे लेखक स्टॅन ली ह्यांना लोक कायम विचारायचे, कोण जिंकेल, तर ते सांगायचे की लेखकाला जो जिंकायला हवा असेल तो. सगळं त्यातच आलं.

एक मात्र आवडली, बॅटमॅन आणि कॅप, म्हणजे कॅप्टन अमेरिका. गटारात लढतात, दोघांनाही कळलेलं असतं की आपण तोलामोलाचे आहोत, आणि पाण्याच्या लोंढ्यानं कॅपचा घात होतो. बॅटमॅन जिंकल्यावर पहिलं काम काय करतो, तर कॅपला बुडता बुडता वर काढतो.

खानापूरचा_गवा

म्हणजे हल्क मतांत हरला, कुस्तीत नाही. चालतंय.

टिळकवाडीची_ताई

डूम, स्टॉर्म आणि वंडर वुमनची लढत तुम्ही एका ओळीत उरकली, मी थोडं लिहिते कारण मला त्या पूर्ण मालिकेत तीच सगळ्यात लक्षात राहिली आहे.

वंडर वुमन १९४१ पासूनची, एक्स-मेनमधली स्टॉर्म १९७५ ची. पण नव्वदच्या दशकात एक्स-मेनचा खप प्रचंड होता, पोरं तेच वाचत होती, त्यामुळे मतं तिकडेच जाणार हे उघड होतं. गंमत पुढे आहे. त्या कथेत थॉरचा हातोडा वंडर वुमनच्या हाती लागतो. जो लायक असेल त्यालाच तो उचलता येतो, आणि तिला येतो! मग स्टॉर्म समोर आल्यावर ती तो हातोडा बाजूला ठेवते, कारण हे घेऊन लढले तर ती बरोबरीची लढत होणार नाही. आणि मग विजा खाऊन हरते. आता ह्याला हरणं म्हणायचं का? लेखकांच्या हातात निकाल नव्हता, पण तिचा मोठेपणा कुणाच्या मतांवर अवलंबून ठेवायचा नाही एवढं त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी केलं. मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचते.

एक तक्रार पण आहे. बाईची जोड बाईबरोबरच लावायची ही खोड. इलेक्ट्राला कॅटवुमन, स्टॉर्मला वंडर वुमन. वंडर वुमन विरुद्ध थॉर लावायला काय हरकत होती?

निपाणीचा_डूम

ताई, त्याच मालिकेत रॉबिन आणि ज्युबिली अशी मुलगा-मुलगी जोड आहे. पण ती दोघं लढतात कमी आणि लाजतात जास्त. बाकी तक्रार शंभर टक्के मान्य.

हुक्केरीचा_कारकून

सगळे ताकदीवर बोलतायत, मला मार्व्हलच्या २००६-०७ च्या सिव्हिल वॉरबद्दल बोलायचंय. पिक्चर नाही, मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हनचे सात अंक. पिक्चर बघून जे बोलतात त्यांना मूळ भांडण माहीत नसतं. स्टॅमफर्ड नावाच्या गावात काही तरुण हिरो टीव्हीच्या कार्यक्रमासाठी व्हिलन पकडायला जातात, नायट्रो नावाचा व्हिलन स्वतःचा स्फोट करतो, सहाशेच्या वर माणसं मरतात, त्यात शाळेतली पोरं. मग सरकार कायदा आणतं, मुखवटा घालून फिरणाऱ्यानं नाव नोंदवायचं, प्रशिक्षण घ्यायचं, सरकारी माणूस म्हणून काम करायचं. आयर्न मॅन बाजूनं, कॅप्टन अमेरिका विरोधात.

मी आयर्न मॅनच्या बाजूचा आहे आणि ते ठामपणे सांगतो. टेम्पो चालवायला लायसन लागतं, गाड्यावर भजी तळायची तर परवाना लागतो, आणि हातातून विजा सोडायला काही नको? ज्या आईचं पोरगं त्या शाळेत गेलं ती टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, तोंडावर थुंकते, ते पान विसरता येत नाही.

अनगोळचा_टोपीवाला

कारकूनसाहेब, नोंदणीपर्यंत तुमच्याबरोबर आहे. पण पुढं काय झालं ते पण लिहा की. ज्यांनी सही केली नाही त्यांना बिनाखटला निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्याच मितीतल्या तुरुंगात टाकलं. त्यांना पकडायला खुनी व्हिलन सोडले. थॉरचा क्लोन बनवला आणि त्या क्लोननं बिल फॉस्टरला, म्हणजे गोलायथला, जागेवर मारलं. स्पायडरमॅननं टोनीच्या शब्दावर सगळ्या जगासमोर मुखवटा काढला आणि नंतर तोच पक्ष बदलून पळाला, कारण त्यानं तो तुरुंग आतून पाहिला. कायदा चांगला असेल, पण राबवणाऱ्यानं कुठं थांबायचं हे ठरवायला पाहिजे ना. यादीत नाव असणं आणि नसणं ह्यानं माणसाचं काय होतं हे आपल्या सीमाभागातल्या लोकांना वेगळं शिकवायला नको.

चावडी_संपादक

टोपीवाले, रोख कळला. त्याचे धागे भरपूर आहेत, इथं नको.

अनगोळचा_टोपीवाला

बरं. कॉमिक्सवरच बोलतो. सातव्या अंकात कॅपनं टोनीला खाली पाडलंय, चिलखत फुटलंय, एक घाव बाकी. आणि त्याला मागून कोण धरतं? कुठला हिरो नाही. आग विझवणारे, अॅम्ब्युलन्सवाले, साधी माणसं. तो आजूबाजूला बघतो, शहराची माती झालेली. आणि हत्यार टाकतो. जिंकत होता तो माणूस! शहापूरकर, तुम्ही निकाल विचारला होता, हा बघा निकाल. मारामारी कॅपनं जिंकली, लढाई त्यानं स्वतःहून सोडली. आणि २००७ मध्ये त्याच्या स्वतःच्या मासिकाच्या २५ व्या अंकात कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला गोळ्या घातल्या. मी तो अंक वाचून त्या रात्री जेवलो नाही.

हुक्केरीचा_कारकून

क्लोनचं आणि तुरुंगाचं समर्थन मी पण करत नाही. ते चूकच. नोंदणी मात्र हवीच, यावर मी ठाम.

अनगोळचा_टोपीवाला

मग एकदा चहाला भेटा. कुंदा माझ्याकडून.

वडगावची_पोर

कुंद्याचा विषय निघालाच आहे तर, जळालेल्या दुधाचा वास येणारा खरा कुंदा आता फार कमी ठिकाणी मिळतो, कुणाला माहीत असेल तर मला मेसेज करा. आणि हो, सिव्हिल वॉरबद्दल टोपीवाल्यांशी सहमत.

गोकाकचा_अण्णा

कुंदा राहू दे, करदंट खावा री.

आखाड्यातला_मामा

आता मला आवडलेली जोड सांगतो, त्यात एक जण स्वच्छ हरलाय. १९६४, फॅन्टास्टिक फोरचा २५ वा अंक, स्टॅन ली आणि जॅक कर्बी. हल्क न्यूयॉर्कात घुसलाय. बाकीचे तिघं बाद झालेत, त्याच्यासमोर एकटा थिंग उरलाय. थिंगला पहिल्या दहा मिनिटांत कळतं की हा आपल्यापेक्षा ताकदीनं जास्त आहे आणि चिडेल तसा अजून वाढणार आहे. तरी रस्त्यावरून, गोदीवरून, पुलावरून लढतच राहतो, पडतो, उठतो, परत जाऊन भिडतो. शेवटी पडतोच. पण त्या अंकानंतर थिंगला कोण कमी समजला नाही. आमच्या आखाड्यात पण जिंकलेल्याला गदा मिळते, पण वजनानं भारी माणसाला शेवटपर्यंत झुंजवणाऱ्या पोराला लोक खांद्यावर घेतात, पागोट्यातल्या नोटा काढून देतात. मी बघितलंय हे.

खानापूरचा_गवा

हल्क जिंकला ना? धन्यवाद मामा. 🙏

काटाजोड_शहापूर

सगळं वाचलं, सावकाश वाचलं. निकाल पाहिजे ह्या मतावर मी अजून आहे. पण डूमनी सांगितलेला काउंटरमागचा निकाल मला नको. आणि मामांची थिंग-हल्क, ताईंची वंडर वुमन, टोपीवाल्यांचा कॅप, ह्या तिन्हीत निकाल लागलाय आणि तिन्हीत हरणारा माणूस लक्षात राहिलाय. माझा राग हरणाऱ्याला जपणाऱ्या लेखकांवर आहे. दोन्ही मासिकं पुढच्या महिन्यात विकायचीत म्हणून कुणालाच खाली पडू द्यायचं नाही, हा धंदा झाला. पडू दे की! पडल्यानं कुणाचा खप कमी झालाय?

आता सांगा, ठरवून सोडवलेली बरोबरी कधी योग्य असू शकते का? मला तरी एकही आठवत नाही.

जुना_अंक

आहे एक. मारामारी नाही, शर्यत आहे, चालेल ना? १९६७, सुपरमॅनचा १९९ वा अंक. युनोच्या मदतनिधीसाठी सुपरमॅन आणि फ्लॅश जगाला फेऱ्या मारणार, कोण जोरात पळतो ते एकदाचं ठरणार. पण गुंडांच्या टोळ्यांनी ह्या शर्यतीवर प्रचंड पैसे लावलेले असतात आणि आपला माणूस जिंकावा म्हणून आतून डाव टाकतात. दोघांना ते कळतं. मग दोघं ठरवून एकाच वेळी रेषा ओलांडतात, कुणाचाच सट्टा लागत नाही.

आखाड्यातला_मामा

असं असेल तर मी पण टाळ्या वाजवीन. पैसे खाऊन केलेली वेगळी आणि पैसे खाणाऱ्याला बुडवायला केलेली वेगळी.

काटाजोड_शहापूर

हे भारी आहे. पण मग कोण जोरात पळतो ते कधीच कळलं नाही?

जुना_अंक

कळलं. त्याच वर्षी फ्लॅशच्या १७५ व्या अंकात परत पळाले, तिथंही नक्की काही झालं नाही. मग १९७० साली वर्ल्ड्स फायनेस्टच्या १९८ आणि १९९ ह्या दोन अंकांत तिसऱ्यांदा. तिथं शेवटी दोघांचे पाय निकामी झालेले असतात, दोघं जमिनीवरून सरपटत जातात, आणि फ्लॅश थोडक्यात पुढं पोचतो. सुपरमॅनकडं उडणं आहे, ताकद आहे, डोळ्यांतून आग आहे, फ्लॅशकडं वेग सोडून दुसरं काही नाही, त्यामुळं तो जिंकला ते मला बरोबर वाटतं. डीसीनं ह्या शर्यती एकत्र करून पुस्तक काढलंय, माझ्याकडं आहे. पाहिजे असेल तर रविवारी संध्याकाळी गणपत गल्लीत घेऊन येतो, पण पानं दुमडायची नाहीत.